पंच कोठे उभा आहे?

न्यायालयात साक्षीदार आणि न्यायाधीश ही दोन वेगवेगळी माणसे असतात. साक्षीदाराने घटना डोळ्यांनी पाहिलेली असते, परंतु निर्णय देण्याचा अधिकार त्याला नसतो. न्यायाधीशाला तो अधिकार असतो, परंतु घटना त्याने पाहिलेली नसते. साक्षीदाराची उलटतपासणी होते, पुरावा तोलला जातो, उभय पक्षांचे म्हणणे ऐकले जाते आणि मगच निकाल बाहेर पडतो. क्रीडांगणावर मात्र या दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या वाट्याला येतात. तेथे पंच हाच साक्षीदार आणि पंच हाच न्यायाधीश. पाहावयाचेही त्यानेच आणि ठरवावयाचेही त्यानेच, तेही दोनचार क्षणांत. त्याची उलटतपासणी घेणारा वकील मैदानावर नसतो. साहजिकच त्याच्या निर्णयाचे मोल पुष्कळ अंशी एका साध्या प्रश्नावर अवलंबून राहते: घटना घडली तेव्हा पंच कोठे उभा होता?

चांगल्या पंचाचे गुण सांगावयास कोणासही सांगा. तो निःपक्षपाती असावा, निर्भय असावा, नियमांचा जाणकार असावा, असे उत्तर तत्काळ मिळेल. न्यायनिष्ठुरतेचा विषय निघाला की रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव आपल्या ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाल्यावर प्रत्यक्ष रघुनाथरावांस दोषी ठरविण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. परंतु रामशास्त्र्यांच्या धैर्याचे गुणगान करताना एक गोष्ट आपण विसरतो. धैर्याने निकाल सांगता येतो; निकाल काय असावा हे केवळ धैर्याने कळत नाही. त्यासाठी सत्य समोर यावे लागते. निर्भय आणि निःस्वार्थी मनुष्य चुकीच्या जागी उभा राहिला, तर तो निर्भयपणे आणि निःस्वार्थीपणे चुकीचाच निर्णय देईल. प्रामाणिक दृष्टीलाही योग्य जागा लागते, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. आणि ते स्पष्ट करण्यासाठी सॉफ्टबॉलच्या सामन्यातील बेसवरच्या पंचाचे उदाहरण मी घेत आहे.

सॉफ्टबॉल हा खेळ १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात जन्मास आला. फॅरागट बोट क्लबच्या दिवाणखान्यात जमलेल्या तरुणांनी मुष्टियुद्धाच्या हातमोज्याचा चेंडू व झाडूच्या दांड्याची बॅट करून जो खेळ मांडला, त्याला जॉर्ज हॅन्कॉक यांनी नियमांची शिस्त लावली. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव त्याला मागाहून, १९२६ साली मिळाले. १९९६ ते २००८ या काळातील चार ऑलिंपिक स्पर्धांत महिलांचा सॉफ्टबॉल खेळला गेला. पुढे २०२१ साली भरलेल्या टोकियो स्पर्धेत तो परत आला, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेच्या कार्यक्रमातही त्याचा समावेश झाला आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात शाळांशाळांतून मुले-मुली हा खेळ मोठ्या हिरिरीने खेळतात. खेळाची ही हौस पाहून आनंद होतो. परंतु त्या मानाने पंचाच्या कलेचा विचार फारच थोडा होतो.

या खेळाचे मैदान डोळ्यांसमोर आणा. होम प्लेट, पहिला बेस, दुसरा बेस व तिसरा बेस मिळून एक चौकोन होतो. त्याची प्रत्येक बाजू ६० फुटांची. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंतचा कर्ण सुमारे ८५ फुटांचा. चपळ खेळाडू एका बेसवरून पुढच्या बेसवर तीनचार सेकंदांत पोहोचतो. या चौकोनात एकाच वेळी चेंडू एकीकडे, धावणारे गडी दुसरीकडे आणि फेक घेण्यास सज्ज झालेला क्षेत्ररक्षक तिसरीकडे, असा प्रकार चाललेला असतो. मोठ्या सामन्यांना प्रत्येक बेसवर एक याप्रमाणे चार पंच नेमता येतात. शालेय सामन्यांत तेवढे मनुष्यबळ कोठून आणावयाचे? तेथे फार तर दोन पंच मिळतात. एक कॅचरच्या मागे होम प्लेटवर उभा राहून चेंडूफेकीचा निवाडा करतो. दुसरा बेसवरच्या घडामोडी पाहतो. बेस चार आणि पंच दोन! सर्वत्र असणे अशक्य, म्हणून योग्य क्षणी योग्य जागी असणे अपरिहार्य.

बेसवर कोणीही गडी नसेल, तेव्हा हा दुसरा पंच पहिल्या बेसच्या पलीकडे सुमारे १८ ते २० फुटांवर, फाउल रेषेच्या बाहेर उभा राहतो. पहिल्या बेसवर गडी आला की पंच रेषा सोडून आत सरकतो आणि पहिल्या व दुसऱ्या बेसच्या दरम्यान, परंतु बेसमार्गाच्या बाहेरच्या अंगाला, क्षेत्ररक्षकाची वाट न अडविता उभा राहतो. गडी दुसऱ्या वा तिसऱ्या बेसवर गेला की पंचाची जागा शॉर्टस्टॉपच्या बाजूस, दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या दरम्यान जाते. चेंडू टोलविला गेल्यावर सूत्र असे: चेंडू चौकोनाच्या आतच राहिला तर पंच बाहेर राहतो, चेंडू चौकोनाच्या पलीकडे दूर गेला तर पंच धावत आत येतो आणि वळून चारही बेसांकडे तोंड करतो. चेंडू आत तर पंच बाहेर, चेंडू बाहेर तर पंच आत. इतके लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

या सूत्रामागील तत्त्व काय? पंचाने चार गोष्टी सदैव आपल्या डोळ्यांपुढे ठेवावयाच्या असतात: चेंडू, तो अडविणारा वा फेकणारा क्षेत्ररक्षक, धावणारा गडी आणि या तिघांची गाठ जेथे पडणार तो बेस. यांपैकी एकही पाठीमागे गेला की पंच निम्मा आंधळा झाला. चेंडू चौकोनात असताना पंचही आतच उभा असेल, तर फेक त्याच्या पाठीमागून येण्याचा संभव फार. बाहेर उभा असेल, तर सारा चौकोन त्याच्यापुढे पाटावरच्या सोंगट्यांप्रमाणे मांडलेला राहतो.

काही खेळाडू व प्रेक्षक येथे आक्षेप घेतात. बेसबॉलमध्ये दोन पंच असले तर बेसवर गडी असताना दुसरा पंच चौकोनाच्या आत, पिचरच्या मागच्या बाजूस उभा राहतो. मग सॉफ्टबॉलमध्येच त्याला बाहेर का काढावे? मध्यभागी उभे राहिले असता सर्व बेस सारख्याच अंतरावर येतात आणि धावपळही वाचते, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप विचार करण्याजोगा आहे, परंतु तो दोन खेळांतील भेद विसरतो. बेसबॉलच्या चौकोनाची बाजू ९० फुटांची असते. तेथे आत उभे राहण्यास ऐसपैस जागा आहे. शिवाय तेथे गडी चेंडूफेकीपूर्वीच बेस सोडून पुढे सरकू शकतो आणि पिचर अकस्मात वळून त्याला बाद करण्यासाठी बेसकडे चेंडू फेकू शकतो. ती झटापट पाहण्यासाठी पंचाला जवळ राहणे भागच पडते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातून सुटेपर्यंत गड्याने बेसला चिकटून राहिले पाहिजे. तत्पूर्वी त्याने बेस सोडला तर तो बाद होतो. म्हणजे पंचाला एकाच दृष्टिक्षेपात पिचरचा हात आणि गड्याचा पाय ही दोन्ही पाहावी लागतात, आणि चौकोनाच्या मधोमध उभे राहून ती दिसावयाची नाहीत. शिवाय ६० फुटांच्या चौकोनात उभा असलेला पंच म्हणजे खेळाच्या मार्गातील धोंडच. क्षेत्ररक्षकाला ओलांडून जाण्यापूर्वीच टोलविलेला चेंडू पंचावर आदळला, तर खेळ तेथेच थांबतो. ज्याने खेळाचा न्याय करावयाचा, त्यानेच खेळाची दिशा बदलावी, याहून मोठी विपरीतता कोणती?

बाहेर उभे राहण्यातही तोटे आहेत, हे मी नाकारीत नाही. चेंडू दूर गेला की पंचाला मोठी धाव घ्यावी लागते. पळता पळता मान वळवून गड्याने बेसला स्पर्श केला की नाही हे पाहावे लागते. कधी एखादा क्षेत्ररक्षक मध्ये येऊन दृष्टी अडवितो. परंतु हे तोटे पंचाच्या पायांनी भरून काढता येतात. पाठीमागे घडलेली घटना मात्र कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. पंचाचे श्रम आणि खेळाडूवरील अन्याय यांत निवड करावयाची झाल्यास, श्रम पंचानेच सोसले पाहिजेत.

दुसरा आक्षेप याहून अधिक लोकप्रिय आहे. ‘पंच इतका लांब का? बेसजवळ उभा राहिला असता तर त्याला स्पष्ट दिसले असते!’ सामना पाहणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य हटकून येते. वरवर पाहता ते खरेही वाटते. परंतु जवळून पाहणे म्हणजे चांगले पाहणे, हा एक भ्रम आहे. पहिल्या बेसवर चुरशीचा निर्णय देताना पंचाला एकाच क्षणी दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: धावणाऱ्याचा पाय बेसला केव्हा लागला आणि चेंडू रक्षकाच्या ग्लोव्हमध्ये केव्हा आला. पाय जमिनीवर, ग्लोव्ह खांद्याच्या उंचीवर, कधी त्याहूनही वर. चार हातांवर उभा असलेला पंच एक पाहील तर दुसरे सोडील. १८-२० फुटांवरून मात्र दोन्ही दृष्टीच्या एकाच चौकटीत मावतात. निष्णात पंच डोळे बेसवर आणि पायावर ठेवतो व चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज कानांनी टिपतो. याउलट, चेंडू हातात घेऊन गड्याला स्पर्श करून बाद करण्याचा प्रसंग असला, तर हातांची झटापट बारकाईने पाहावी लागते; तेव्हा पंचाने दहाबारा फुटांपर्यंत जवळ जावे. अंतर हे प्रसंगानुसार ठरते, हट्टाने नव्हे.

अंतराहूनही कोनाचे महत्त्व अधिक आहे. आपल्या वार्षिक क्रीडादिनी धावण्याच्या शर्यतीचा निकाल देणारे शिक्षक कोठे उभे असतात ते आठवून पाहा. ते धावणाऱ्यांच्या पाठीमागे उभे राहत नाहीत, समोरही राहत नाहीत. ते अंतिम रेषेच्या टोकाशी, म्हणजे धावण्याच्या दिशेशी काटकोन करून उभे राहतात. समोरून वा मागून पाहिले तर दोन धावपटूंमधील हातभर अंतर दिसतच नाही. बेसवरच्या पंचाचेही तेच. फेकीच्या मार्गाशी काटकोन साधला, तर चेंडू आणि ग्लोव्ह यांतील अंतर उघडे दिसते. फेकीच्याच रेषेत उभे राहिले, तर ते मिटून जाते. भूमितीच्या तासाला ज्या काटकोनाचा कंटाळा येतो, तोच मैदानावर न्यायाचा आधार होतो.

हे सारे पुस्तकी काथ्याकूट आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी अमेरिकेतील बेसबॉलचा एक प्रसिद्ध प्रसंग ध्यानी घ्यावा. १९८५ सालच्या विश्वमालिकेचा सहावा सामना २६ ऑक्टोबर रोजी कॅन्सस सिटी येथे चालू होता. सेंट लुईसच्या संघाने तीन सामने जिंकले होते. आणखी एक जिंकला की अजिंक्यपद त्यांचे. नवव्या डावात ते एका धावेने पुढे होते. कॅन्सस सिटीचा होर्हे ऑर्टा पहिल्या बेसकडे धावला. फेक त्याच्या आधी पोहोचली होती, तरीही पंच डॉन डेंकिंगर यांनी त्याला सुरक्षित ठरविले. पुढे कॅन्सस सिटीने तो सामना २-१ असा जिंकला आणि सातवा सामना ११-० असा जिंकून अजिंक्यपदही मिळविले. डेंकिंगर हे नवखे नव्हते, लबाड तर नव्हतेच. त्यांनी मागाहून सांगितलेले कारण मननीय आहे. बेसवर चेंडू घेणारा खेळाडू उंच होता, फेकही उंच आली, त्यामुळे त्याचा ग्लोव्ह आणि पाय ही दोन्ही त्यांना एकदम पाहता आली नाहीत; आणि प्रेक्षकांच्या गदारोळात चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाजही त्यांना ऐकू आला नाही. डोळ्यांची चौकट अपुरी पडली आणि कानही निकामी झाले. ज्या सामन्यात सहा पंच होते तेथे हे घडले. मग आपल्या दोन पंचांनी जागेविषयी किती दक्ष राहिले पाहिजे!

तथापि, योग्य जागा म्हणजे अचूकपणाची हमी, असेही मी म्हणत नाही. २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे आर्मांडो गलारागा या पिचरने ओळीने सव्वीस फलंदाज बाद केले. सत्ताविसावाही बाद झाला असता तर ‘परिपूर्ण सामना’ म्हणून त्याची इतिहासात नोंद झाली असती. सत्ताविसावा गडी पहिल्या बेसवर बाद झालेला असूनही पंच जिम जॉइस यांनी त्याला सुरक्षित ठरविले. सामन्यानंतर चित्रफीत पाहताच जॉइस यांनी आपली चूक उघडपणे मान्य केली व गलारागाची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी पंचाच्या हाती देण्यासाठी गलारागा स्वतः पुढे आला आणि दोघांनी हस्तांदोलन केले. पुढे २०१४ सालापासून त्या व्यावसायिक स्पर्धेत चित्रफितीवरून निर्णय तपासण्याची पद्धत व्यापक करण्यात आली. आपल्या शाळांच्या मैदानांवर असे कॅमेरे नसतात. तेथे पंचाची जागा, पंचाचे परिश्रम आणि खेळाडूंचा विश्वास एवढीच सामग्री असते. आणि यांपैकी तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंवर अवलंबून असते. धावत योग्य जागी पोहोचलेला, थांबून, स्थिर होऊन, क्षणभर विचार करून हात उंचावणारा पंच क्वचित चुकला तरी खेळाडू ते सोसतात. सावलीत उभा राहून लांबूनच हात उंचावणाऱ्या पंचाचा बरोबर निर्णयही त्यांना संशयास्पद वाटतो.

दोन पंचांच्या पद्धतीतील आणखी एक मर्म सांगितले पाहिजे. बेसवरचा पंच एकटा नसतो. पहिल्या बेसवर गडी असताना चेंडू दूर टोलविला गेला, तर होम प्लेटवरचा पंच आपली जागा सोडून तिसऱ्या बेसकडे धावतो आणि आघाडीच्या गड्याचा निर्णय तेथे देतो. बेसवरचा पंच मागून येणाऱ्या फलंदाजाकडे लक्ष ठेवतो. दोघांनी परस्परांस हाक देऊन आपण कोठे जात आहोत ते सांगावयाचे असते. एकाने गृहीत धरले आणि दुसऱ्याने ऐकले नाही, तर एका बेसवर दोन पंच आणि दुसरा बेस बेवारस, अशी फजिती ठरलेली. सहकार्य म्हणजे दोघांनी एकच गोष्ट पाहणे नव्हे. एकाने न पाहिलेली गोष्ट दुसऱ्याने पाहणे होय.

तेव्हा माझे मत मी स्पष्टपणे मांडतो. एक, शालेय सामन्यांत दुसरा पंच ही चैन नसून आवश्यकता आहे. एकच पंच होम प्लेटवरून चारही बेसांचा न्याय करील, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे. दोन, प्रत्येक शाळेने संघाबरोबरच निदान दोन विद्यार्थी वा विद्यार्थिनी पंच म्हणून तयार कराव्यात. सरावाच्या सामन्यांत खेळाडूंनीच आळीपाळीने हे काम करावे. ज्याने एक संपूर्ण सामना बेसवर पंच म्हणून धावून काढला आहे, तो पुन्हा पंचावर ओरडताना दहादा विचार करील. तीन, सामन्यापूर्वी दोन्ही पंचांनी पाच मिनिटे एकत्र बसून कोणत्या प्रसंगी कोणी कोठे जावयाचे ते ठरवून घ्यावे. चार, कर्णधारांनी नियमांतला एक भेद नीट ओळखावा: नियम चुकीचा लावला गेला असेल तर त्याविषयी दाद मागता येते, डोळ्यांनी पाहून दिलेल्या निर्णयाविषयी मागता येत नाही. ज्याविषयी दाद मागता येत नाही, त्यावर कंठशोष करून काय लाभ?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी सर्वच जण काही सॉफ्टबॉलचे पंच होणार नाहीत. परंतु दोघां मित्रांचे भांडण मिटविणे, वर्गातील एखाद्या तक्रारीचा निवाडा करणे, घरात धाकट्या भावंडांची बाजू ऐकणे, ही पंचाचीच कामे आहेत आणि ती कोणालाच चुकत नाहीत. अशा वेळी आपण प्रामाणिक आहोत, एवढ्यावर संतुष्ट राहू नका. आपण फार जवळ तर उभे नाही ना? एका पक्षाच्या रेषेतच तर उभे नाही ना? काही आपल्या पाठीमागे तर घडत नाही ना? हे प्रश्न आधी स्वतःला विचारा, आणि जरूर पडल्यास चार पावले धावून जागा बदला. हात उंचावण्याची वेळ त्यानंतरची आहे.